कमी कार्बनचं बांधकाम साहित्य आणि सरकारी मदत: मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी स्थापत्य अभियंता आहे. बीड, लातूर, धाराशिव या पट्ट्यात घरं, शाळेच्या खोल्या, ग्रामपंचायतीच्या इमारती अशी कामं करतो. घर बांधणारे, गवंडी, वीटभट्टीवाले आणि सरपंच जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान लिहिलं आहे. नियम आणि योजना २०२५ अखेरपर्यंतच्या आहेत.

साहित्यातला कार्बन म्हणजे नेमकं काय?

घरात राहायला गेल्यावर पंखा, कूलर, दिवे यांना वीज लागते, तो धूर वेगळा. त्याच्या आधीच, म्हणजे सिमेंट, सळई, वीट, खडी तयार होताना आणि ट्रकमधून साइटवर येताना जो कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो, तो त्या घराच्या अंगातच मुरलेला असतो. म्हणून त्याला अंगभूत कार्बन म्हणतात. विजेचं बिल पुढे सौर पॅनल बसवून कमी करता येतं. हा कार्बन मात्र स्लॅब पडला त्या दिवशीच खर्ची पडतो, नंतर काही करता येत नाही. त्यामुळे विचार करायचा तो पाया खोदण्याआधी.

सर्वात मोठा वाटा सिमेंटचा. चुनखडी भट्टीत सुमारे १,४५० अंशांवर भाजतात, तेव्हा क्लिंकर, म्हणजे ज्याची पूड करून सिमेंट होतं तो खडा, बनतं. यात इंधनाचा धूर असतोच, पण त्याहून जास्त वायू खुद्द चुनखडीतून सुटतो. साधारण ६० टक्के दगडातून आणि ४० टक्के इंधनातून. म्हणजे भट्टी कितीही चांगली केली, तरी क्लिंकर कमी वापरल्याशिवाय मोठा फरक पडत नाही. बाकीची उत्तरं याच गोष्टीभोवती फिरतात.

एका साध्या घरात हा कार्बन किती असतो?

६०० चौरस फुटांचं आरसीसी घर धरा. चौरस फुटाला ०.४ पोतं धरलं तर २४० पोती, म्हणजे १२ टन सिमेंट. सगळं साधं पोर्टलँड सिमेंट, म्हणजे ओपीसी वापरलं, तर टनाला ०.८५ टन या ढोबळ हिशेबाने १० टनांच्या वर कार्बन डायऑक्साइड. तेच औष्णिक वीज केंद्रातली कोळशाची राख मिसळलेलं सिमेंट, म्हणजे पीपीसी, घेतलं तर टनाला ०.६ च्या आसपास, म्हणजे ७ टनांच्या घरात. नुसतं पोतं बदलल्याने सुमारे ३ टन वाचले. घराचा आकार तोच, गवंडी तोच.

कार्बन कमी केला म्हणून सरकार मला पैसे देतं का?

नाही. ‘एवढा कार्बन वाचवला, ही घ्या रक्कम’ अशी स्वतःचं घर बांधणाऱ्यासाठी योजना नाही. कोणी फॉर्म भरून घेऊन पैसे मागत असेल तर देऊ नका.

पण मदत नाही असंही नाही. ती दुसऱ्या नावांखाली विखुरलेली आहे: राखेच्या अधिसूचनेत, वाळू धोरणात, लघुउद्योगाच्या अनुदानात, शहरातल्या जादा एफएसआयमध्ये (भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येतं, ते प्रमाण). तालुक्याच्या ठिकाणी एका खिडकीवर हे सगळं सांगणारं कोणी भेटत नाही, ही खरी अडचण आहे. वीट बनवणारा उद्योग केंद्रात जातो, घरकुलवाला पंचायत समितीत आणि बिल्डर नगररचनेत. तिघांचा विषय एकच आहे हे त्यांना कोणी सांगत नाही.

घरकुल मंजूर झालंय. त्यात काय करता येईल?

प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये सपाट भागातल्या घराला १ लाख २० हजार रुपये मिळतात. राज्य सरकारने २०२५ मध्ये त्यावर ५० हजारांची भर घातली. त्यातले १५ हजार छतावरच्या सौरऊर्जेसाठी आहेत. २०२५ च्या वाळू धोरणानुसार घरकुल लाभार्थ्याला ५ ब्रासपर्यंत वाळू मोफत आहे, त्यासाठी तहसीलकडे पाठपुरावा करा.

भिंत कशाची बांधायची हे तुम्ही ठरवायचं. योजनेचा भर पक्क्या, टिकाऊ घरावर आहे. भाजलेली लाल वीटच पाहिजे असं नाही. राखेची वीट, ठोकळे, स्थानिक दगड, दाबून बनवलेली मातीची वीट यांपैकी तुमच्या गावात जे चांगलं आणि जवळून मिळतं ते घ्या. हप्ते बांधकामाच्या टप्प्यावर सुटतात, म्हणून साहित्य ठरवण्याआधी पंचायत समितीतल्या गृहनिर्माण अभियंत्याला एकदा दाखवून घ्या. जोत्यापर्यंत आल्यावर वाद नको.

पीपीसी कच्चं असतं, स्लॅबला त्रेपन्नच पाहिजे, असं आमचा गुत्तेदार म्हणतो. खरं काय?

हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

‘त्रेपन्न’ म्हणजे ५३ ग्रेडचं ओपीसी. ते पहिल्या आठवड्यात लवकर ताकद धरतं. गुत्तेदाराला ते आवडतं, कारण सेंट्रिंग, म्हणजे ओल्या काँक्रीटखालचा साचा आणि टेकू, लवकर सुटतं आणि पुढच्या साइटला जातं. पीपीसीमध्ये १५ ते ३५ टक्के राख असते. ती सुरुवातीला सावकाश काम करते. सिमेंट आणि पाण्यातून जो मोकळा चुना तयार होतो, त्याच्याशी राख हळूहळू जुळते आणि काँक्रीटमधली बारीक छिद्रं भरत जाते. २८ दिवसांनंतरही तिची ताकद वाढत राहते. काँक्रीट घट्ट होतं, पाणी कमी मुरतं, सळईला गंज उशिरा धरतो. शिवाय जमताना उष्णता कमी सुटते. मे महिन्यात पारा ४२ वर असताना टाकलेल्या स्लॅबला ही फार मोलाची गोष्ट आहे, तडे कमी जातात.

एक अट मात्र आहे, पाणी. आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक (आयएस) मिश्र सिमेंटला किमान १० दिवस ओल ठेवायला सांगतं, आणि १४ दिवस ठेवण्याची शिफारस करतं. आपल्याकडे पीपीसीचं नाव खराब झालं ते इथेच. उन्हाळा, टँकरचं पाणी, तिसऱ्या दिवशी पाणी मारणं बंद. असा स्लॅब पांढरट पडतो, वर बोट फिरवलं की पीठ निघतं, आणि दोष सिमेंटवर जातो.

पाणी वाचवूनही ओल टिकवता येते. स्लॅब पडल्यावर दुसऱ्या दिवशी वर मातीचे किंवा पातळ मसाल्याचे बांध घालून शेतातल्या वाफ्यांसारखे चौकोन करा. ६०० चौरस फुटांच्या स्लॅबवर दोन इंच पाणी साठवायला सुमारे २,८०० लिटर लागतात. वाफे भरल्यावर रोज फक्त उडालेलं पाणी भरून काढायचं. दिवसातून चार वेळा पाइपने शिंपडण्यात यापेक्षा कितीतरी जास्त पाणी जातं आणि दुपारी स्लॅब कोरडाच राहतो. कॉलमला ओलं बारदान गुंडाळा आणि त्यावर प्लास्टिकचा कागद सुतळीने बांधा. दोन दिवसांनी बारदान हाताने दाबून पाहा, गार लागलं पाहिजे. लातूरला २०१६ मध्ये रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्या भागात राहून आपण पाणी मारण्याची पद्धत बदलली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सेंट्रिंग ओपीसीपेक्षा चार-पाच दिवस जास्त ठेवा, आणि हे गुत्तेदाराशी कामाआधीच बोलून घ्या. पीपीसीच्या पोत्यावर आयएस १४८९ आणि राखेची टक्केवारी छापलेली असते. सोबत उत्पादनाचा आठवडा, महिना, वर्षही असतं. तीन महिन्यांहून जुनं पोतं स्लॅबला वापरू नका.

सिमेंटवरचा जीएसटी कमी झाला, त्यात काही सवलत आहे का?

२२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. पण ओपीसी, पीपीसी, स्लॅग सिमेंट सगळ्यांना दर एकच आहे. कमी क्लिंकरच्या सिमेंटला वेगळा, कमी दर असता तर बाजारात लगेच फरक दिसला असता, असं मला वाटतं.

परळीची राख आपल्या भिंतीत यावी म्हणून सरकारने काय केलंय?

खूप काही, निदान कागदावर. राखेची पहिली अधिसूचना १९९९ ची. सध्या लागू आहे ती केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाची ३१ डिसेंबर २०२१ ची, १ एप्रिल २०२२ पासून. औष्णिक वीज केंद्राने आपली सगळी राख उपयोगात आणायची. नाही आणली तर टनामागे १,००० रुपये पर्यावरण भरपाई. आणि केंद्रापासून ३०० कि.मी.च्या आत बांधकाम करणाऱ्यांनी राखेच्या विटा, ठोकळे वगैरे वापरायचे, अट एवढीच की ते इतर साहित्यापेक्षा महाग नसावेत.

आता नकाशा बघा. परळी वैजनाथ मराठवाड्याच्या मधोमध आहे. किनवटपासून वैजापूरपर्यंत आठही जिल्हे त्या ३०० कि.मी.च्या वर्तुळात बसतात. परळीला सध्या २५० मेगावॅटचे तीन संच आहेत. कोळशाची राख निघते ती थोडीथोडकी नाही. राखेच्या तळ्यालगतच्या गावांनी उन्हाळ्यात वाऱ्याबरोबर उडणारी राख अंगणात, चुलीवर, कापसाच्या बोंडावर पडलेली पाहिली आहे. आणि तिथून तासाभराच्या अंतरावर आपण शेताची वरची माती खणून विटा भाजतो. एक इंच माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. या एका विरोधासाठी मी हे पान लिहायला घेतलं.

राखेची वीट भट्टीत भाजावी लागत नाही. राख, चुना किंवा सिमेंट, जिप्सम, कच किंवा वाळू यांचं मिश्रण यंत्रात दाबायचं आणि पाण्याने पिकवायचं. भाजण्याचा धूरच नाही. माप एकसारखं असल्याने गिलावा पातळ बसतो. लाल विटेच्या भिंतीला कधी एक इंच मसाला चढतो, इथे अर्ध्यात भागतं. त्या गिलाव्यातलं सिमेंट वाचतं ते वेगळंच.

सगळ्या राखेच्या विटा चांगल्या असतात का?

नाही, आणि हे उघडपणे सांगितलं पाहिजे. चिमणीच्या आधी पकडलेली कोरडी बारीक राख वेगळी आणि तळ्यात साचलेली जाड राख वेगळी. दुसऱ्या प्रकारची वीटही बनते, पण मिश्रण नीट ठरवावं लागतं. सिमेंट वाचवायला हात आखडला की वीट ठिसूळ होते. दुसरी चूक म्हणजे पुरती न पिकवता विकणं.

माझ्या एका कामावर ट्रकभर विटा आल्या, वरून सुंदर राखाडी. रात्री दोन विटा बादलीत बुडवून ठेवल्या, सकाळी कडा हाताने सुटत होत्या. ट्रक परत पाठवला. तुम्हीही असं करा: वीट २४ तास पाण्यात ठेवा. आधी आणि नंतर वजन करा, २० टक्क्यांहून जास्त वाढायला नको. दोन विटा एकमेकींवर हलकेच आपटा, खणखणीत आवाज यायला हवा. कंबरेच्या उंचीवरून मऊ जमिनीवर सोडा, तुकडे व्हायला नकोत. मोठी खरेदी असेल तर अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत दाबताकद तपासून घ्या.

भिंतीला खाचे मारताना, यंत्राने कापताना गवंड्याने तोंडाला ओला रुमाल किंवा मास्क बांधावा. ही धूळ फुप्फुसाला वाईट असते. हे साहित्य चांगलं म्हणून त्याच्या छातीला त्रास व्हावा, असं चालणार नाही.

राखेच्या विटांचा छोटा कारखाना टाकायचाय. अनुदान मिळतं का?

मिळतं. प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादन उद्योगाला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प धरतात. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला प्रकल्प खर्चाच्या २५ टक्के, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग यांना ३५ टक्के अनुदान. शहरात हेच दर १५ आणि २५. स्वतःचा वाटा १० किंवा ५ टक्के, बाकीचं बँकेचं कर्ज. १० लाखांवरच्या उत्पादन प्रकल्पाला आठवी पास असावं लागतं. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमही याच धर्तीवर आहे. दोन्हींसाठी जिल्हा उद्योग केंद्र गाठा, आणि चालू वर्षाचा निधी शिल्लक आहे का ते आधी विचारा.

माझा सल्ला एवढाच: अर्जाआधी राखेचा पुरवठा लेखी पक्का करा. यंत्र आलं, शेड उभं राहिलं आणि राख नियमित मिळेना म्हणून बंद पडलेली युनिटं मी पाहिली आहेत. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही.

आमची पिढीजात वीटभट्टी आहे. ती बंद करायची का?

तुमच्या पोटावर पाय यावा असं इथे कोणीच म्हणत नाही. पण नियम बदललेत. केंद्राच्या २२ फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेनुसार नवी भट्टी झिगझॅग किंवा उभ्या शाफ्टची, किंवा पाइपच्या गॅसवर चालणारीच असली पाहिजे. जुन्या भट्ट्यांनाही बदलायला मुदत दिली होती: हवेचा दर्जा खालावलेल्या शहरांच्या १० कि.मी.च्या आत एक वर्ष, इतरत्र दोन वर्षं. छत्रपती संभाजीनगर, जालना आणि लातूर ही आपली तिन्ही शहरं त्या यादीत आहेत.

झिगझॅगमध्ये विटा अशा रचतात की गरम हवा सरळ न जाता नागमोडी फिरते. कोळसा कमी लागतो आणि पहिल्या प्रतीच्या विटा जास्त निघतात. खर्चासाठी जुलै २०२५ मध्ये सुरू झालेली अदिती योजना पाहा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची ही योजना सूक्ष्म आणि लघुउद्योगाला कर्जावरच्या व्याजात ५ टक्के, मध्यम उद्योगाला ३ टक्के सूट देते. वीटउद्योग आणि लोखंडाच्या रोलिंग मिल, दोन्ही तिच्या १४ क्षेत्रांत आहेत. सुरुवात ठरावीक औद्योगिक समूहांपासून झाली आहे, म्हणून आपला समूह यादीत आहे का हे आधी पाहावं लागेल.

किल्लारीनंतर तुम्ही आम्हाला पुन्हा मातीचं घर बांधायला सांगता?

हा प्रश्न ज्या आवाजात विचारला जातो, तो मला ओळखीचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारी भूकंपाची पहाट, आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं. सुमारे दहा हजार माणसं गेली. बावन्न गावं नव्या जागी वसवावी लागली. त्या पिढीला माती आणि दगड म्हटलं की अजून झोप उडते. सगळ्या मराठवाड्याने स्लॅब आणि सिमेंट जवळ केलं त्याचं कारण तिथेच आहे. ती भीती खोटी नाही.

पण त्या रात्री नेमकं काय पडलं, ते पाहिलं पाहिजे. दोन-अडीच फुटी जाड भिंती, गोलमटोल दगड, मध्ये चिखल. बाहेरची आणि आतली बाजू वेगवेगळी रचलेली, दोन्हींना बांधणारा आरपार दगड नाही. वर माळवद, त्यावर वर्षानुवर्षं टाकलेल्या मातीचा ढीग. हादरा बसल्यावर भिंतीच्या दोन पाती सुटल्या आणि सगळं वजन झोपलेल्या माणसांवर आलं. कोपऱ्यांना, खिडकीवर, छताखाली भिंतींना एकत्र बांधणारा पट्टा कुठेच नव्हता. माती होती म्हणून नव्हे, बांधणी सुटी होती म्हणून घरं पडली. वाईट बांधलेली आरसीसीही पडते.

आज ज्याला दाबलेली मातीची वीट म्हणतात, ती वेगळी गोष्ट आहे. चाळलेल्या मातीत साधारण ५ ते १० टक्के सिमेंट मिसळून यंत्रात दाबतात आणि दोन-तीन आठवडे ओली ठेवतात. भाजत नाहीत. तिच्यासाठी आयएस १७२५ हे मानक आहे. भूकंपासाठी आयएस ४३२६ प्रमाणे जोत्यावर, खिडकीच्या वर आणि छताखाली काँक्रीटचे पट्टे, कोपऱ्यांत उभी सळई, दारं-खिडक्या कोपऱ्यापासून दूर, आणि हलकं छत. हे सगळं असेल तरच मी मातीच्या विटेला होकार देतो. यातलं एक जरी गाळायचं म्हणत असाल, तर नका करू.

आपली काळी माती या विटेला चालत नाही. ती पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते. थोडी चिकणमाती आणि भरपूर वाळू असलेला तांबडा मुरूम चांगला. ओंजळभर माती काचेच्या बरणीत पाण्यासोबत हलवून रात्रभर ठेवा. खाली वाळू, वर गाळ, त्याच्यावर चिकणमाती असे थर दिसतात. वाळूचा थर अर्ध्याहून जास्त असेल तर पुढे प्रयोगशाळेत न्या.

काळ्या जमिनीत पाया भक्कम करायला जास्तच काँक्रीट लागणार ना?

जास्त नाही, योग्य. माती परीक्षण न करता ‘काळी जमीन आहे, टाका जाड’ असं म्हणून जितकं सिमेंट आणि लोखंड जमिनीत जातं, तितकं कुठेच जात नाही. तळाशी फुगीर केलेले छोटे पाइल काळ्या मातीसाठीच विकसित केलेले आहेत. ते हालचालीच्या थराखाली उतरतात आणि साहित्य कमी लागतं. परीक्षणाला काही हजार रुपये जातील. दोन खोल्यांच्या घरातही ते सहसा पायातच वसूल होतात. कमी वापरणं हा सगळ्यात मोठा उपाय आहे, त्याला कुठल्याच योजनेची वाट बघावी लागत नाही.

जालन्याचं लोखंड घ्यावं का?

कार्बनच्या दृष्टीने, बहुतेक वेळा हो. जालन्यातल्या पुष्कळ भट्ट्या भंगार वितळवून सळई करतात. खाणीतल्या लोहखनिजापासून दगडी कोळशावर लोखंड काढण्यापेक्षा यात कार्बन बराच कमी. टनभर भंगार वितळवायला सहाशे युनिटच्या आसपास वीज लागते. ती सौर असेल तर आणखी फायदा. मात्र भंगारात कोळशावर बनलेलं स्पंज आयर्न जास्त मिसळलं तर फायदा कमी होतो. दुकानात हे डोळ्यांनी कळत नाही.

त्यासाठी केंद्रीय पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची व्याख्या ठरवली. टनाला २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन असेल तर ते हरित. १.६ पेक्षा कमी असेल तर पाच तारे, १.६ ते २ चार तारे, २ ते २.२ तीन तारे. प्रमाणपत्र राष्ट्रीय दुय्यम पोलाद तंत्रज्ञान संस्थेकडून मिळतं. गिरणीवाल्यांनो, भंगारावर चालत असाल तर हे तारे तुमच्यासाठीच आहेत, अर्ज करा. घर बांधणाऱ्यांनी आयएस १७८६ ची खूण आधी पाहावी, तारे नंतर.

शहरात इमारत बांधतोय. जादा एफएसआय मिळतो का?

मिळतो. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत हरित इमारतीला मूळ एफएसआयवर ३, ५ किंवा ७ टक्के जादा आहे. गृहा आणि आयजीबीसी ही हरित इमारतींची मानांकनं. गृहाचे तीन, चार, पाच तारे, किंवा आयजीबीसीचं सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम त्याप्रमाणे. साहित्यात राख, पुनर्वापर, स्थानिक माल असेल तर त्याचे गुण या मानांकनांत धरले जातात. आर्किटेक्टला आराखड्याच्या वेळीच सांगा. स्लॅब पडल्यावर कागद गोळा करून मानांकन मिळत नाही, आणि कबूल केलेलं पूर्ण झालं नाही तर दंड आहे.

कृत्रिम वाळूने कार्बन कमी होतो का?

थोडा, आणि तोही वाहतूक जवळची असेल तर. दगड फोडायलाही वीज लागते. खरा फायदा गोदावरी, मांजरा, सिंदफणेच्या पात्राला होतो. राज्याने २०२५ मध्ये कृत्रिम वाळूचं धोरण आणलं, स्वामित्वधन (रॉयल्टी) ब्रासमागे ६०० वरून २०० रुपये केलं. आपल्याकडे काळा बेसॉल्ट मुबलक आहे. घेताना मुठीत दाबून बघा, हाताला फार पीठ चिकटलं तर धुतलेली नाही. अशी वाळू जास्त पाणी आणि जास्त सिमेंट मागते, मग सगळा हिशेब उलटतो.

जुना वाडा पाडतोय. त्या दगडाचं काय करू?

विकू नका, वापरा. घडीव काळ्या दगडाचा कार्बन तुमच्या पणजोबांच्या काळात खर्च झालाय. जोत्याला, कुंपणाला, पायरीला तो सोन्यासारखा आहे. सागाच्या तुळया, कडीपाट, शहाबादी फरशीही तशीच. मोठ्या प्रकल्पांसाठी बांधकाम कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२६ पासून लागू होत आहेत. २० हजार चौरस मीटर आणि वरच्या कामांवर कचऱ्याच्या पुनर्वापराची जबाबदारी येते.

बांबू?

२०१७ च्या कायदाबदलानंतर वनाबाहेरचा बांबू झाड मानला जात नाही, त्यामुळे स्वतःच्या शेतातला तोडायला परवाना लागत नाही. लातूर जिल्ह्यात लोदग्यासारख्या ठिकाणी बांबूवर बरंच काम झालंय. छत, मांडव, पडवी, आतली भिंत यांना उत्तम, पण औषधप्रक्रिया केलेलाच घ्या. कच्चा बांबू भुंगा दोन वर्षांत पोखरतो.

एलसी३ सिमेंट ऐकलंय, ते काय?

निम्मं क्लिंकर, बाकी कमी तापमानावर भाजलेली चिकणमाती, चुनखडी आणि थोडं जिप्सम. ओपीसीपेक्षा कार्बन ३० ते ४० टक्के कमी. भारतीय मानक २०२३ मध्ये आलं, आयएस १८१८९. तुमच्या दुकानदाराकडे मागत राहा. तोवर पीपीसी.

सिमेंट कंपन्यांवर काही बंधन आहे की सगळं आम्हीच करायचं?

आहे. ऊर्जा संवर्धन कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना आली. ऑक्टोबर २०२५ मध्ये सिमेंटसह चार उद्योगांना टनामागे उत्सर्जनाची मर्यादा घालून दिली. लक्ष्य गाठलं नाही तर क्रेडिट विकत घ्यावं लागेल. आपलं सिमेंट येतं ते गडचांदूर, आवारपूर किंवा वाडीच्या बाजूने. त्या कारखान्यांतला बदल हळूहळू आपल्या पोत्यापर्यंत पोचेल.

मी सरपंच आहे. ग्रामपंचायत काय करू शकते?

पुष्कळ. अंगणवाडी, शाळाखोली, सभामंडप यांच्या अंदाजपत्रकात राखेची वीट आणि पीपीसी लिहून घ्या. शाखा अभियंता ‘दरसूचीत नाही’ म्हणाला तर दरसूचीतली बाब उघडून दाखवायला सांगा, आणि राखेची २०२१ ची अधिसूचना समोर ठेवा. काम सुरू झाल्यावर चौदा दिवस पाणी मारण्याची नोंद एका वहीत रोज सहीसह ठेवा. हे काम गावातली एखादी बचतगटाची ताई गुत्तेदारापेक्षा चोख करते, हा माझा अनुभव आहे.

कोणते कागद जपून ठेवायचे?

सिमेंट, सळई, विटांच्या जीएसटी पावत्या. विटांच्या चाचणीचा अहवाल. पोत्यांवरच्या छपाईचे फोटो, तारीख दिसेल असे. माती परीक्षणाचा अहवाल. सळई बांधल्यावर आणि काँक्रीट टाकण्याआधी पट्ट्यांचे आणि कोपऱ्यांचे फोटो. मानांकन असो, घरकुलाचा हप्ता असो किंवा उद्या घर विकणं असो, हेच मागतात. एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवा, साइटवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये नको.